कॅमेरा बंद ठेवून गेलीस, मेधा

तुझ्या अंत्यविधीची लिंक मागणारा पहिला मेसेज ग्रेगचा आला. "बातमी ऐकून धक्का बसला. त्या दिवशी कामं बरीच आहेत. जॉइन व्हायला लिंक आहे का?"

मी मेसेज पुन्हा वाचला. मग फोन किचनच्या ओट्यावर पालथा ठेवला आणि सिंकमधली सगळी भांडी घासली, स्वच्छ होती ती सुद्धा. ग्रेग राहतो फ्युनरल होमपासून हायवेच्या दोन एक्झिटवर. त्याच्याकडे बर्फात चालणारी ट्रकएवढी गाडी आहे. आणि हाच तो ग्रेग, ज्याने भरल्या मीटिंगमध्ये तुला सांगितलं होतं की ज्यांना खरंच यायचं असतं ते गाडी काढून येतात.

लिंक होती. तुझ्या लेकीने, इराने, नागपूरच्या मामा-मावश्यांसाठी आणि तुझ्या गुरुवारच्या लोकांसाठी ती आधीच तयार केली होती. मी ग्रेगला लिहिलं, "लिंक नाही. हॉलचा पत्ता पाठवते आहे. पार्किंग भरपूर आहे."

खोटं बोलले. जराही वाईट वाटत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काऊन असं केलं निशा, देऊन टाकायची." तू नाहीस. त्यामुळे आता मी माझ्या मनासारखं करणार.

मेधा, मला रडायचं होतं. सगळे म्हणाले, रडून घे, मोकळी हो. पण रडू यायच्या आधी राग येतो आणि तो जागा अडवून बसतो. ग्रेगवर येतो, संघटनेवर येतो. आणि ते दोघं बाजूला झाले की मागे तू उभी असतेस. सगळ्यात जास्त तुझ्यावर येतो.

आपली ओळखच भांडणातून झाली. आपल्या ईडन प्रेरी गावातल्या छोट्यामोठ्या धंदेवाल्यांची ती संघटना, तू तिथे कम्युनिटी मॅनेजर. मी कॉन्फरन्ससाठी बॅनर, स्टँडी, गळ्यात अडकवायचे बॅज छापून देणारी. पहिल्याच ऑर्डरला तू माझे छापून तयार असलेले बॅज परत पाठवलेस. का, तर कंपनीचं नाव मोठं आणि माणसाचं नाव बारीक. मी फोनवर तणतणले, सगळीकडे असंच असतं म्हणून. तू शांतपणे म्हणालीस, "माझ्याकडे आधी माणूस, मग कंपनी. लांबून हाक मारता आली पाहिजे." तुझ्या बोलण्यातलं नागपूर मी ओळखलं, माझ्यातलं सांगली तू ओळखलंस, आणि भांडण मराठीत सुरू झालं. ते मग कधी थांबलंच नाही.

"कम्युनिटी काय मॅनेज करायची वस्तू आहे का गं?" मी तुला चिडवायचे. तू म्हणायचीस, "नाही ना. म्हणूनच तर पगार देतात."

गुरुवारी सकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये तुझा ब्रेकफास्ट असायचा. दात साफ करणारे डॉक्टर, इन्शुरन्सवाले, थाई रेस्टॉरंटची मालकीण, घरं रंगवणारे, सॉफ्टवेअरवाले आपले देसी लोक. तू दारात उभी राहून प्रत्येकाला कोणाच्या शेजारी बसवायचं ते ठरवायचीस. लग्नात आत्या ठरवते तसं. त्या टेबलांवर किती धंदे जुळले ते संघटनेला कधी कळलं नाही, कारण संघटना डोकी मोजायची आणि तू माणसं बसवायचीस.

मग करोना आला. हॉल बंद, हॉटेल बंद, सगळं कॅन्सल. माझ्या गॅरेजमध्ये एका कधीच न झालेल्या कॉन्फरन्सचे बॅज खोक्यांमधून रचलेले. कोणाच्या तरी नावांचे, कोणीही गळ्यात न घातलेले. मी नवऱ्याशी बोलत नव्हते, फोन उचलत नव्हते. तुझा फोन मात्र वाजतच राहायचा. शेवटी वैतागून उचलला.

"गुरुवारी सकाळी लिंक पाठवून राहिले. ये."

"कशाला? काय दाखवू लोकांना? गॅरेज?"

"हो. गॅरेज दाखव."

पहिल्या दिवशी काय गोंधळ होता. कोणाचा कुत्रा भुंकतोय, कोणाचं पोर मांडीत, कोणाचं नुसतं कपाळ दिसतंय. तेव्हा बाकी संघटना स्लाइड दाखवत होत्या, तज्ज्ञ बोलावून व्याख्यानं देत होत्या. तू काहीच आणलं नव्हतंस. तू एवढंच विचारलंस, "आज कोणाचं काय बंद पडलं?" आणि थांबलीस. मग थाई रेस्टॉरंटची मालकीण रडायला लागली, आणि तिच्यानंतर एकेक जण बोलू लागला. हॉलमध्ये इतक्या वर्षांत जे कोणी सांगितलं नव्हतं ते स्क्रीनवरच्या त्या चौकोनांमधून बाहेर पडलं.

तिथेच लॉरेन भेटली. उत्तरेकडे, तळ्याकाठच्या गावात राहणारी, बोटींची ताडपत्री शिवणारी बाई. इथल्या लोकांच्या तिकडे केबिन आहेत, बोटी आहेत, म्हणून तिने कैक वर्षांपूर्वी आपल्या संघटनेत नाव घातलेलं. कधी आली नव्हती. नवऱ्याला अर्धांगवायू झालेला, तो पलंगावर, त्याला सोडून कुठे जाणार? ती म्हणाली, "तुमचे ईमेल मी सगळे वाचायचे. ब्रेकफास्टला काय मेनू होता ते पण."

तू ते ऐकलंस आणि तुझा चेहरा कसा झाला ते मी माझ्या चौकोनातून पाहिलं. तू नंतर मला म्हणालीस, "निशा, आपण इतकी वर्षं दारात उभं राहून स्वागत करून राहिलो होतो. दाराबाहेर कोण उभं आहे ते पाहिलंच नाही."

लॉरेनने त्या थाई बाईला पारदर्शक प्लॅस्टिकचे तंबू शिवून दिले, बोटींना लावतात त्याच कापडाचे. लोक थंडीत त्या तंबूंमध्ये बसून गरम सूप प्यायले आणि तिचा हिवाळा निघाला. मला तू जमिनीवर चिकटवायचे 'अंतर ठेवा'चे स्टिकर छापायला लावलंस. मी म्हणाले होते, असली पायाखालची कामं मी करत नाही. तू म्हणालीस, "कर गुपचूप." मेधा, त्या स्टिकरांनी माझा प्रेस वाचवला. हे मी तुला कधी म्हटलं का? म्हटलं असेल. तू ऐकून घेतलं नसशील. कोणी आभार मानायला लागलं की तुला लगेच गॅसवर काहीतरी ठेवलेलं आठवायचं.

पुढे हॉल उघडले. आणि मग ती मीटिंग. संघटनेचा अध्यक्ष म्हणून ग्रेग टेबलाच्या टोकाला, मी बॅनरचं कोटेशन घेऊन आलेली. ठरलं की आता सगळं पूर्ववत. स्पॉन्सरना बूथ हवेत, बूथवर माणसं हवीत, लिंकवरची माणसं बूथवर थांबत नाहीत. लिंक बंद.

तू विचारलंस, "जे फक्त लिंकवरच येऊ शकतात त्यांचं काय?"

"जे खरंच कमिटेड आहेत ते ड्राइव्ह करून येतील," ग्रेग म्हणाला.

"ओके. मग लॉरेनच्या नवऱ्याला कुशीवर कोण वळवेल? तू जाशील?"

ग्रेगने कागद नीट केले आणि पुढचा विषय घेतला.

पार्किंगमध्ये तुझं आणि माझं जुंपलं. मी म्हणाले, मला हॉल भरलेला हवा, माझं पोट त्याच्यावर आहे. तू म्हणालीस, "भरा ना हॉल. दार काऊन बंद करता?" मी म्हणाले, दोन्ही करायला गेलं की दोन्ही फिकं होतं. हॉलमधली माणसं स्क्रीनकडे पाठ करून बसतात, स्क्रीनवरची माणसं भिंतीवरच्या पालीसारखी गप्प चिकटून असतात. तू थंडीत उघड्या डोक्याने उभी, कान लाल झालेले, आणि मला म्हणालीस, "संकटात होते तेव्हा त्यांना आत बोलावलं. आता संकट सरलं तर म्हणून राहिले, बाहेर व्हा. याला काय म्हणतात मराठीत?"

मला शब्द आला होता. मी म्हटला नाही, कारण थंडी होती. पण मी एक म्हटलं, आणि आजही म्हणते: "समोर बसल्याशिवाय माणूस कळत नाही, मेधा."

"कळतो," तू म्हणालीस. "विचारलं तर कळतो."

पुढच्या महिन्यात तू राजीनामा दिलास. संघटनेने केक आणला, तू कापला नाहीस. आणि त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी तुझ्या स्वयंपाकघरातून लिंक चालू झाली. संघटना नाही, स्पॉन्सर नाही, काही नाही. मागे तुझा ओटा, त्यावर कोथिंबिरीची सांबारवडी तळायची कढई. लॉरेन आली, थाई बाई आली, व्हीलचेअरवरून हिशेब लिहून देणारा तो मुलगा आला, लहान लेकरं असलेल्या दोन आया आल्या. मीही आले, प्रेसमधून, कुरकुरत. तुझा एकच नियम होता: कॅमेरा लावायची सक्ती नाही. कोणी विचारायचं नाही का बंद आहे. "लोकांना थकलेल्या तोंडानेही येता आलं पाहिजे," असं तू म्हणायचीस.

इथे आता मी येते, मेधा.

उन्हाळ्याच्या शेवटी तुझा कॅमेरा बंद झाला. मी फोनवर म्हणाले, "काय गं, तोंड दाखव की." तू म्हणालीस, "इंटरनेट स्लो आहे." पुढच्या आठवड्यात म्हणालीस, लॅपटॉपचा कॅमेरा बिघडला. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी विचारलंच नाही, कारण नियम तुझाच होता. तुझा आवाज तसाच होता. "आज कोणाचं काय बंद पडलं?" विचारत होतीस. एकदा मला नव्या बॅनरचा रंग सुचवलास. मी घरी यायचं म्हटलं की तुम्ही बाहेर निघालेले असायचात, नाहीतर तुझ्या नवऱ्याचे, सतीशचे पाहुणे असायचे. मी दहा मिनिटांवर राहत होते. दहा मिनिटांवर! रोज तुझ्या घरावरून किराणा आणायला जात होते.

इराचा फोन आला तेव्हा मी प्रेसमध्ये होते. "निशामावशी, यू शुड कम. लाइक, टुडे."

"काय झालं?"

"मॉम डिडन्ट वॉन्ट यू टु नो. आय ॲम सॉरी. प्लीज कम."

तू पलंगावर होतीस, खिडकीकडे तोंड करून. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आधीच पसरलेला. तुझी मनगटं. मी आधी ती मनगटं पाहिली आणि मग तुझं तोंड. दाराशी मी बूटही काढले नव्हते, बर्फाचं पाणी तुझ्या गालिच्यावर सांडत होतं. आजारी माणसाशी हळू बोलतात हे मला ठाऊक आहे. मी ओरडले.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू रोज आली असतीस."

"मग? यायला नको?"

"मग मला रोज बरं दिसावं लागलं असतं."

सतीश खोलीबाहेर गेला. तू डोळे मिटलेस. मग हळू आवाजात म्हणालीस, "निशा, त्या गुरुवारी ना, मी पेशंट नसायची. नुसती मी असायची. तेवढा एक तास."

मी म्हणाले, "आणि माझा तास? मी कोणाशी बोलत होते तेव्हा?"

"माझ्याशीच ना."

"अर्ध्या तुझ्याशी!"

तू हसलीस. मला तुझं ते हसू नको होतं. मला हवं होतं की तू चूक कबूल करावीस. "मी चुकले निशा" एवढं. हॉलमध्ये असतीस तर मी तुला पाहिल्या पाहिल्या ओळखलं असतं. दारातून आत येतानाच ओळखलं असतं, ब्लाउज खांद्यावरून कसा घसरतोय त्यावरून. तुला ओढत डॉक्टरकडे नेलं असतं, आणि डॉक्टरांनी काही उपयोग नाही म्हटलं असतं, तरी तेवढे दिवस मी तुझ्या ओट्यापाशी बसले असते. तुला पेज करून घातली असती. ती तू थुंकली असतीस. चाललं असतं. ते दिवस माझे होते, मेधा. ते तू परस्पर देऊन टाकलेस.

हे तुला सांगायचं होतं. तू झोपलीस. उद्या सांगू म्हटलं. उद्या आला तेव्हा तू कोणाचंच ऐकत नव्हतीस.

अंत्यविधीला हॉल भरला. ग्रेग आला, लिंक नाही म्हटल्यावर येणं भागच होतं. काळा कोट, हातात पांढरी फुलं. बोलायला उभा राहिला. म्हणाला की मेधा काळाच्या पुढे होती, हायब्रिड, म्हणजे हॉल आणि लिंक दोन्हीची, कम्युनिटी ही संकल्पना आमच्या संघटनेत तिने रुजवली, आणि आम्ही तिच्या नावाने दर वर्षी एक पुरस्कार देणार आहोत. लोकांनी माना डोलावल्या. इरा माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

ग्रेग खाली बसला. इराने उठून बाजूचा मोठा स्क्रीन चालू केला, आणि ग्रेगने माझ्याकडे पाहिलं. मी पण त्याच्याकडे पाहिलं.

स्क्रीनवर लॉरेन होती. मागे तिचं शिवणयंत्र. ती म्हणाली, "मी लॉरेन. मी बोटींची कव्हरं शिवते. मला लांब बोलता येत नाही. हॉल उघडला त्या दिवशी माझी लिंक बंद झाली. पत्र नाही, फोन नाही. मी बटण दाबत राहिले, मला वाटलं माझंच काही बिघडलंय. दुपारी मेधाचा फोन आला. ती म्हणाली, तुझं काही बिघडलेलं नाही. बस, एवढंच."

मग तिने चष्मा काढला आणि कॅमेऱ्यासमोर तशीच बसून राहिली. ग्रेग आपल्या बुटांकडे बघत होता. मला वाटलं होतं की या क्षणी मला बरं वाटेल. नाही वाटलं. मी मान वळवून तुझ्याकडे पाहिलं, बघ, तुझंच खरं ठरलं, असं तुला सांगायला, आणि तिथे फुलांनी झाकलेली पेटी होती.

बाहेर पार्किंगमध्ये ग्रेग माझ्याकडे आला. पुरस्काराच्या कार्यक्रमासाठी दारात तुझा उभा, पूर्ण उंचीचा फोटो लावायचा म्हणे. स्टँडी. करशील का?

"लिंक असेल?"

"निशा, तुला माहीत आहे, स्पॉन्सर..."

"मग नाही करणार," मी म्हणाले. "आणि दुसऱ्या कोणी केली तर मी ती दारातून उचलून घेऊन जाईन. मी बॅनरवाली आहे, कुठे कसं दुमडायचं ते मला येतं."

आता गुरुवारची लिंक मी पाठवते. मला आवडत नाही ते काम. मला तुझ्यासारखं थांबता येत नाही, प्रश्न विचारून मीच उत्तर देऊन टाकते. पण तुझा एक नियम मी पहिल्याच दिवशी मोडला, हे तुला कळलंच पाहिजे. मी सगळ्यांना सांगितलं, "कॅमेरा बंद ठेवा, खुशाल ठेवा. पण मी अधूनमधून तुमच्या दाराशी येणार. नाही म्हणायची सोय नाही." तो व्हीलचेअरवाला मुलगा म्हणाला, "इज दॅट अ थ्रेट?" मी म्हणाले, हो.

पहिल्यांदा लॉरेनकडे गेले. उत्तरेला, रस्ताभर बर्फ, दोन्ही बाजूंना गोठलेली तळी आणि त्यांवर मासे पकडणाऱ्यांच्या झोपड्या. गाडीत मी तुझ्याशी भांडत होते, मोठ्याने. पार्किंगमधलं राहिलेलं भांडण. विचारलं तर माणूस कळतो म्हणालीस ना? मी विचारलं होतं. तोंड दाखव म्हटलं होतं. तू खोटं बोललीस. मग तुझ्या त्या म्हणण्याचं काय? आणि लगेच मला लॉरेनचं शिवणयंत्र आठवायचं, आणि मग मलाच माझं म्हणणं अर्धं वाटायचं, आणि मी अजूनच चिडायचे.

लॉरेनने दार उघडलं. मेधा, ती सहा फूट उंच आहे! इतकी वर्षं त्या चौकोनात मला ती ठेंगणी, गोल बाई वाटत होती. दाराच्या चौकटीला टेकलेलं डोकं, रुंद खांदे, ताडपत्री शिवायची दाभणं धरून धरून जाड झालेली बोटं. आतून तिच्या नवऱ्याच्या रेडिओचा आवाज येत होता. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तू तिच्यावर चिडली आहेस," ती म्हणाली.

"हो."

"मला म्हणाली होती की वसंतात मला भेटायला येईल. तेव्हा तिला माहीत होतं. नाही का?"

"हो. माहीत होतं."

लॉरेनने मान हलवली. मग बाजूला सरून मला वाट दिली. "बूट इथे काढ," ती म्हणाली. "राग आत आणलास तरी चालेल."

तिने कॉफी केली. नवऱ्याला कुशीवर वळवायला मी एक बाजू धरली. आणि मग त्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसून आम्ही दोघींनी दुपारभर तुला शिव्या घातल्या, मेधा. ती इंग्लिशमधून, मी मराठीतून.